दुसऱ्या दारावरची खूण

"आधी नाव सांग, मग आत ये!"

आत्याचा हा आवाज अजून कानात आहे. दार वाजलं की तो स्वयंपाकघरातून निघायचा, भांड्यांच्या खणखणाटावरून थेट उंबऱ्यापर्यंत यायचा. शेजारीण असो, पोस्टमन असो, नाहीतर तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे बाबा... नाव सांगितल्याशिवाय कडी निघायची नाही. "अगं, मी रोजचाच आहे!" बाबा वैतागायचे. "रोजचा आहेस, तर नाव सांगायला तुझं काय जातं?" आत्या आतूनच फटकारायची.

माझा रागीटपणा तिच्याकडूनच आला, असं घरात सगळे म्हणतात. तेव्हा त्या दिवशी ऑफिसात प्रिंटरपाशी जे झालं, त्याचा बोल तिलाच लावा.

प्रिंटरमधून माझीच पानं निघत होती. आणि विस्कटलेल्या केसांचा एक उंच माणूस ती गरम गरम उचलून त्यांवर लाल पेनाने फराटे ओढत होता!

"कोणी लिहिलंय हो हे?" त्याने मलाच विचारलं. "वाक्यावाक्याला उपमा! ही ड्रायव्हरची माहिती आहे की अंगाई?"

"मी लिहिलंय. आणि न विचारता माझ्या पानांना हात लावणारे तुम्ही कोण?"

तो गडबडला. पानं छातीशी धरून म्हणाला, "मी... ज्या ड्रायव्हरवर तुम्ही अंगाई लिहिलीत ना, तो माझा."

तर हा नकोबा! पडद्यावर चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड चालवणारा, कर्नलच्या म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ प्रणालीच्या पोटात बसलेला तो ड्रायव्हर-प्रोग्रॅम हाच सांभाळायचा. कोणी बदल सुचवला की याचं उत्तर एका शब्दात — "नको." म्हणून ऑफिसने हे नाव ठेवलेलं. आणि मी कंत्राटावर आलेली लेखिका. कोणत्या प्रोग्रॅमला त्या ड्रायव्हरकडून काय मागता येतं आणि काय नाही, हे सोप्या भाषेत लिहून देणं माझं काम.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर येऊन बसला. टेबलावर! शेजारी खुर्ची रिकामी असताना!

"ऐका तक्रारबाई. कार्ड एक, प्रोग्रॅम शंभर, आणि कार्डापर्यंत जायला दारं दोन. पडद्याचा ताबा एकाच प्रोग्रॅमकडे, तो मालक. पहिल्या दाराने यायचं तर ड्रायव्हरकडून टोकन घ्यायचं आणि मालकापुढे धरायचं. मालक म्हणाला, 'हा आपला', की मिळाला प्रवेश."

"आणि दुसरं दार?"

"तिथे कोणी ओळख विचारत नाही. या, आपलं चित्र काढा, जा. पडद्याला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या चित्रात डोकावायचं नाही."

"म्हणजे या ऑफिसपेक्षा बरं वळण आहे."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा आधी मिटायचा, उजवा मागून यायचा... उशीर झाल्यासारखा. मला त्याचाही राग आला. असं हसायचं असतं का कामाच्या वेळी?

मग रोजच राग येऊ लागला. तो उशिरा आला की राग. आला आणि खिडकीशी उभा राहून दुसऱ्याच कोणाशी बोलला की जास्त राग. काचेवर पावसाचे ओघळ, त्याच्या कपातली वाफ, आणि माझ्या पानावर वाकलेलं त्याचं डोकं — माझं एक वाक्य धड पुरं होईना.

"हे 'अहो-जाहो' कधी सुटणार तुमचं?" एकदा त्याने मान वर न करता विचारलं.

"माझी उपमा मंजूर कराल तेव्हा."

"बरं... एक मंजूर."

"मग एकदाच म्हणते. तू."

त्याचे कान लाल झाले. तेव्हाच बोलायचं होतं मला. ओठांवर आलं होतं... पण गिळलं. नकोबाच तो! एका शब्दात उत्तर देऊन मोकळा झाला असता.

कोडमध्ये प्रत्येक आज्ञेशेजारी खूण असते : ही मालकासाठी, ही ओळख पटलेल्यांसाठी, ही दुसऱ्या दारानेही चालेल. मी एकेक तपासत होते. एका आज्ञेपाशी थबकले. नुसता एक आकडा सांगितला की त्या आकड्याचं चित्र उघडून देणारी ती आज्ञा, मग ते चित्र कोणाचं का असेना. आकडे तर साधे, ओळीने वाढणारे. आणि खूण दुसऱ्या दाराची!

"अरे, कोणीही आकडे लावत बसला तर दुसऱ्याच्या खिडकीतलं सगळं दिसेल!"

त्याने पाहिलं. पांढराफटक पडला. "ही ओळ मी वरून उचलून खाली चिकटवली होती. खूण बदलायची राहिली."

मी कागदावर सरळ लिहिलं की ही आज्ञा अनोळखी प्रोग्रॅमला उघडी आहे आणि तशी ती नसावी.

मीटिंगमध्ये मॅनेजर बाईंनी परिच्छेद वाचला, चष्मा खाली ठेवला. "हा काढ. उद्या रिलीज आहे. पुढच्या खेपेला बघू."

"तोवर कोणाचे रिपोर्ट, कोणाचे फोटो, कोणाच्या गप्पा कोण बघेल, त्याचं काय?"

"तुझं कंत्राट या महिन्यात संपतंय ना?" त्या गोड आवाजात म्हणाल्या.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. काढत होता, लावत होता.

"परिच्छेद राहील. नाहीतर माझं नाव काढा त्या पानांवरून," म्हणून मी उठले.

जिन्याने तरातरा खाली आले. पार्किंगच्या पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता. गाडीची किल्ली सापडेना. तेवढ्यात तो धापा टाकत आला, बिनछत्रीचा.

"थांब! दुरुस्ती पाठवली. सगळ्यांना दिसेल अशी, ड्रायव्हरच्या जाहीर ईमेल-यादीवर. चूक माझी, शोधली तू, असं लिहिलंय. आता रिलीज थांबवावंच लागेल त्यांना. तुझा परिच्छेदही राहतोय."

"मग तिथे तोंडात गुळणी का धरली होतीस?"

"घाबरलो गं. माझी चूक, सगळ्यांसमोर..."

"मी एकटी भांडत होते तिथे! एकटी! आणि तू टोपणाशी खेळत होतास!"

"चुकलंच माझं. पण अगं, बाई बोलल्या, त्यांच्यावर एवढी चिडली नाहीस. टेबलाभोवती बाकीचेही गप्पच होते. सगळा राग माझ्यावरच का?"

केसांतून पाणी गळत होतं त्याच्या. मी किल्ली शोधणं सोडून दिलं.

"कारण बाकीच्यांनी गप्प बसून मला काही फरक पडत नाही! त्यांच्यावर माझं प्रेम आहे का, मूर्खा? तुझ्यावर आहे!"