शालनची मोजणी

कातळपाडीला परतीचे आवाज संध्याकाळी येत. पेपरात भरती-ओहोटीच्या खाली त्यांचं वेळापत्रक छापलेलं असे: कुठल्या गावावर, किती वाजता, कुणाचा. लोक रेडिओ घेऊन कातळावर जाऊन बसत. कुणाला बुडालेल्या होडीवरच्या भावाची हाक ऐकू येई, कुणाला अकरा वर्षांपूर्वीचं हवामान. आवाज संपला की थर्मास उघडत आणि वर बघत चहा पीत.

जमिनीपासून नव्वद किलोमीटर वर हवा फार विरळ होते आणि उन्हाने तिच्या कणांवर विजेचा भार चढतो. त्या हवेत जागोजाग पोकळ्या असतात. बिनतारी संचावर बोललेलं एखादं वाक्य अशा पोकळीत शिरलं की तिथेच फिरत राहतं. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र पुरं झालं की पोकळीचं तोंड काही मिनिटं उघडतं. वाक्य थोडंसं खाली झिरपतं आणि बाकीचं पुन्हा आत फिरू लागतं. याला रेंगाळथर म्हणत. तिथे फुगा पोहोचत नाही, इतकी कमी हवा. आणि उपग्रह टिकत नाही, इतकी जास्त. जायचं तर छोट्या रॉकेटनेच जावं लागे. सरळ वर, दोन-चार मिनिटं मोजमाप, मग समुद्रात.

भालचंद्र पेडणेकरांनी गावाच्या वरच्या रॉकेट केंद्रावर अशी दोनशेच्या वर रॉकेटं सोडायच्या शिडीवर चढवली होती. आता ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि घरात एकटेच असत. मूलबाळ नव्हतं. बायको, शालन, त्याच केंद्रावर उलटी मोजणी करायची. तिची शेवटची मोजणी या गुरुवारी परत येणार होती. त्या मोजणीनंतर दोन महिन्यांनी ती गेली.

सोमवारी केंद्रातल्या शास्त्रज्ञ डॉ. नेत्रा धामणकर एक कागद घेऊन आल्या. शालनबाईंच्या आवाजाची पोकळी उघडी असताना त्यांना तिच्यातून रॉकेट पाठवायचं होतं. आवाज तिथे टिकतो कसा, हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. मोजणीचा आवाज स्वच्छ आणि ठरलेल्या अंतराने येणारा, त्यामुळे मोजमापाला याहून चांगला मिळणार नव्हता. पण रॉकेट गेलं की पोकळी फाटते आणि आतला आवाज कायमचा जातो. परतीच्या आवाजावर जवळच्या नातेवाइकाचा हक्क असतो, म्हणून सही हवी होती.

"टेप करून देऊ ना तुम्हाला," त्या म्हणाल्या. "अगदी स्वच्छ."

"टेपवर ती बोलून झालेली असते, बाई," भालचंद्र म्हणाले. "वर ती अजून बोलतेय."

धामणकरबाईंनी चहा घेतला, कागद टेबलावरच ठेवून गेल्या.

त्या पोकळीत मोजणीनंतर आणखी काय आहे, हे भालचंद्रांना पक्कं आठवत होतं. त्या संध्याकाळी रॉकेट सुटल्यासुटल्या शालनने त्याच संचावर विचारलं होतं, अहो, जेवलात का. रॉकेटचे फोटो घ्यायला संच लावून बसलेली तिन्ही कॅमेरा-ठाण्यांवरची माणसं हसली होती. आणि भालचंद्रांनी तिला सगळ्यांसमोर तोडून उत्तर दिलं होतं. घरी आल्यावर ती काहीच बोलली नाही. त्यांना वाटलं, विसरली. ते उत्तर अकरा वर्षं त्यांच्या डोक्यावर फिरत होतं आणि आणखी कितीही वर्षं फिरलं असतं. ते फाडायचं तर तिचा प्रश्नही फाटणार होता. दोन्ही एकाच पोकळीत.

बुधवारी त्यांनी सही केली.

गुरुवारी सूर्य बुडाल्यावर ते नियंत्रण खोलीत जाऊन बसले. खाली अंधारू लागलं होतं, पण वरच्या हवेवर अजून ऊन होतं. रॉकेट वर गेल्यावर सोडियमची वाफ सोडणार होतं, म्हणजे पोकळी कुठे फाटली ते त्या उन्हात जमिनीवरूनही दिसलं असतं. शालनच्या मोजणीवरच बटण दाबायचं ठरलं होतं. बटणापाशी बसलेली नवी मुलगी 'शून्य' ऐकायला कान लावून होती.

"शून्याची वाट बघू नकोस," भालचंद्र तिला म्हणाले. "ती म्हणायची नाही."

शालनच्या घरात तांदूळ संपले असं कुणी म्हणत नसे, वाढले म्हणत. निघताना जाते म्हणत नसत, येते म्हणत. अशा घरातल्या बाईच्या तोंडून शून्य निघेना. ती 'एक'नंतर नुसतं 'हं' म्हणायची, आणि सगळं केंद्र त्या 'हं'वर चालायचं.

सहा एकेचाळीसला खरखर झाली. मग ती आली. दहापासून मोजत, मधेच घसा साफ करत, जशी ती डाळ शिजेपर्यंत शिट्ट्या मोजायची तशी. तीन. दोन. एक.

"हं."

रॉकेट सुटलं. खिडक्या थरथरल्या आणि थांबल्या.

"अहो, जेवलात का?"

आणि लगेच एका तापट माणसाचा आवाज. "शालन, लाइन मोकळी ठेव. घरचं घरी."

खोलीत कुणीच त्यांच्याकडे बघितलं नाही. रॉकेटला थरापर्यंत पोहोचायला अजून शंभर सेकंद होते. भालचंद्रांनी हात पुढे करून संच उचलला आणि त्याची कळ दाबली.

"हो. जेवलो," ते म्हणाले. "तू जेवलीस?"

कळ सोडून ते थांबले. संचावर खरखरीशिवाय काही नव्हतं. मग खूप वर नारिंगी ठिपका उमटला, पसरला, आणि वरच्या वाऱ्याने हळूहळू ताणला जाऊन धाग्यासारखा झाला. खालच्या गावात लोक अंगणात आले असणार. तो विरेपर्यंत खोलीत सगळे बघत राहिले.

धामणकरबाईंनी बराच वेळ आकडे तपासले. पोकळी फाटली होती. मोजणी, प्रश्न, ते जुनं उत्तर, तिन्हींचाही मागमूस नव्हता. पण नवा आवाज थरात रुजायला तीनेक मिनिटं घेतो. तोवर रॉकेट पुढे निघून गेलं होतं, आणि भालचंद्रांचा आवाज शेजारच्या पोकळीत शिरला होता.

"तो राहील," त्या म्हणाल्या. "वेळापत्रकात घ्यावा लागेल. पेडणेकर, जवळचे नातेवाईक म्हणून नाव कुणाचं लिहू?"

भालचंद्र खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी शालनचं नाव सांगितलं.

अकरा वर्षांनी पेपरात, भरती-ओहोटीच्या खाली, ओळ छापून आली: कातळपाडी, सायंकाळी ६.४२, पुरुषाचा आवाज, चार शब्द. प्रश्न उपलब्ध नाही.