नागोरावांची गळाची काठी

"ये नीला रंग कौन पोते, अम्मा? सत्यानास कर डाले!" काठीवरचे भिंग बाजूला करून जब्बारसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि निशिगंधेने धाकट्या भावाकडे, प्रबुद्धकडे पाहिले!

मासे धरायच्या जुन्या काठ्या जमवण्याचा नाद असलेल्या या गृहस्थांना प्रबुद्धनेच तारनाक्याच्या घरी आणले होते. रेल्वे वर्कशॉपातला साहेब कायमचा परदेशी जाताना त्यांच्या वडिलांच्या, नागोरावांच्या हाती ठेवून गेलेली ही विलायती काठी... बांबूच्या पातळ चिरफळ्या जोडून केलेली, सांध्यांना पितळ बसवलेले! मूळ रूपात असती तर प्रबुद्धचे बुडालेले दुकान पुन्हा उभे राहिले असते. पण आता हा ऑइलपेंट खरवडला की खालचे मूळ रोगणही जाणार होते. म्हणजे किंमत उरली ती फक्त जळणाची.

"अक्का, तूच ना?" प्रबुद्धचा आवाज चिरकला. "जयंती जवळ आली की रंगाचा डबा घेऊन बसायचीस! बाबांनी जाताना मला एवढी एकच चीज दिली. तीही तुला बघवली नाही?"

ज्या भावाच्या शिक्षणापायी तिने चालून आलेली स्थळे हसत हसत परतवली, पगारातली पै न् पै त्याच्यावर ओवाळून टाकली, त्या भावाने असे बोलावे? उत्तर तिच्या ओठांवर आले होते... पण बापाने दिलेल्या एकुलत्या एका वस्तूचे मोल आपल्याच तोंडाने कमी कसे करायचे?

"चुकलं रे माझं," एवढेच ती म्हणाली.

"चुकलं? हौ, चुकलं म्हटलं की झालं!" प्रबुद्धने चपला पायांत सरकवल्या. "आजपासून मला बहीण नाही!"

"थांब तिथंच!" खाटेवर पडलेल्या त्यांच्या आई, पार्वतीबाई, उठून बसल्या. "लेकीनं माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं, पण आता नाही ऐकायची मी तिचं! तुझा बाप पंचशील घेऊन आला, अन् आता जीवहत्या नक्को म्हणून ही काठी चुलीत घालाया निघाला. तू तवा एवढासा, काठीला मिठी मारून ऊर फुटस्तोवर रडत होतास. बाप काही ऐकंना! तवा ही पोर मधी पडली. म्हणली, बाबा, जाळू नका, जयंतीच्या झेंड्याला होईल. तिथंच बसून निळा रंग फासला हिनं, अन् मग त्याचा हात मागं आला. रंग लावला म्हणून काठी राहिली रे, नाही तर कवाच राख झाली असती!"

जब्बारसाहेबांनी भिंग खिशात ठेवले आणि सलाम करून ते हळूच बाहेर पडले.

प्रबुद्ध दारातून माघारी वळला. तो बहिणीपुढे मटकन बसला आणि त्याने तिच्या मांडीत तोंड लपवले.

"अक्का... मला सांगितलं का नाहीस गं?"

"काय सांगू? बाबा ती जाळायला निघाले होते म्हणून?" तिचे अश्रू आता कुणाला जुमानत नव्हते. "मरताना त्यांनी मायेनं तुझ्या हाती दिली, तेच खरं मान रे... मला कुठली विलायती किंमत कळायला? तू रडत होतास, तेवढंच दिसलं मला. निळा मिळाला नसता तर चुना फासला असता मी, चिखल फासला असता... पण तुझी काठी जळू दिली नसती!"