विरघळणारा पडदा

एक्स-रे बघत बघत मी खोलीबाहेर पडले आणि थेट त्याच्या कॉफीवर आदळले. त्याचा पांढरा कोट तपकिरी झाला.

"सॉरी! अहो, या दाढेला मी कोणता पडदा—"

"थांबा!" त्यानं चक्क दोन्ही कान झाकले. "ते मला सांगायचं नाही. मापं घेणारा नवीन डॉक्टर मीच."

मला हसू फुटलं. दाढेभोवतीची हिरडी सैल होऊन आतलं हाड झिजलं, की तिथे पातळ पडदा बसवतात. त्याच्या आडोशाला हाड भरतं, हिरडी पुन्हा घट्ट धरते. जुना पडदा नंतर हिरडी उघडून काढावा लागतो. नवा आपोआप विरघळतो. दोन्हींत सरस कोणता, हा माझा प्रबंध. पडदे मी बसवायचे आणि कुठे कोणता आहे हे माहीत नसताना दाढ आणि हिरडी यांमधली फट किती खोल आहे, ते त्यानं मोजायचं.

"मग आपण बोलायचं कशावर?"

"दाढा सोडून जगात बरंच काही आहे म्हणतात..."

त्या 'बरंच काही'वर आम्ही जिन्यात बोललो, बसस्टॉपवर बोललो. मास्कवरून नुसते डोळे दिसायचे, तरी ते हसताहेत हे मला लांबूनच कळायला लागलं.

निकाल आला. हाड दोन्हीकडे सारखंच भरलं होतं. नव्या पडद्यात दुसऱ्यांदा कापणं मात्र नव्हतं. आणि आमचे विभागप्रमुख, म्हणजे माझे बाबा, नावारूपाला आले होते ते जुन्या पडद्यामुळे.

"त्या मुलाला तू आवडतेस, सगळ्यांना दिसतंय," केबिनचं दार लावून ते म्हणाले. "कुठे कोणता पडदा, ते तू त्याला सांगितलं असणार. तो तुला हवं तेच मोजणार. परिषदेत हे वाचायचं नाही."

मी बाहेर आले. तो भिंतीला टेकून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"सांग त्यांना, आपल्यात काही नाही म्हणून. तुझं काम वाचेल. माझं मी... बघेन."

"आणि आहे का काही?"

त्याचे कान लालबुंद झाले.

"मग खोटं कशाला बोलू? आकड्यांत बोलले नाही, यात बोलू?"

त्याची बाही धरून मी पुन्हा आत शिरले. "बाबा, याला मी आवडते. मलाही हा आवडतो. परिषदेत शोधनिबंध मी वाचणारच! संशय असेल तर तुम्ही मोजा. कुठे कोणता पडदा, ते तुम्हालाही सांगणार नाही."

"एवढा आगाऊपणा आणलास कुठून?"

"घरूनच."

बाबांनी रागारागात एकेक पेशंट पुन्हा तपासला. शेवटच्या काकू खुर्चीवरून उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, मागच्यासारखं परत कापणार नाही ना?" बाबांनी चष्मा काढला.

मापं जुळली. अगदी तंतोतंत.

"वाच निबंध," चष्मा पुसत ते म्हणाले. "मी पहिल्या रांगेत बसेन. प्रश्न अवघड विचारीन."

"आणि हा?"

"याची मापं बरोबर आहेत. बाकीचं तुझं तू बघ."

बाहेर बाकावर पेशंट ताटकळत होते. तो मध्येच थांबला. "माझं सगळं तूच सांगून टाकलंस. मला एकदा तरी बोलू देशील?"

"बोल ना..."

"मला तू आवडतेस!"

सगळा बाक वळला. तोंड बधिर केलेले एक आजोबा वाकडंतिकडं हसले.

"अरे, हळू!" मी पुटपुटले.

"का? कुणाची चोरी आहे?"

मग मीही हळू बोलले नाही.