सहाव्या डब्यापाशी

ही गोष्ट ऐकून कोणी हसलं तरी माझी हरकत नाही. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती देवश्री माझी मामेबहीण आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारी. तिनं हे मला एकदाच सांगितलं. सांगताना ती घाबरलेली नव्हती.

रागानं थरथरत होती.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. ११ फेब्रुवारी २००८, सोमवार. सकाळचे पावणेबारा. बाहेर लख्ख ऊन.

जागा, कटंगी आणि तिरोडीच्या मधली मँगनीजची एक खाजगी खाण. आता ती बंद आहे. नाव मुद्दाम घेत नाही.

देवश्री बालाघाटचीच. तिचे वडील कोर्टात नोकरीला होते. ती इंजिनिअर झाली आणि नागपूरच्या एका कंपनीत लागली. कारखान्यांत, गोदामांत वायरलेसचं जाळं बसवून द्यायचं, हे तिचं काम. या खाणीत तिला सहा ॲक्सेस पॉइंट बसवायचे होते. वहीएवढे डबे, वर दोन काळे अँटेना. खाणीतली माणसं त्यांना नुसतं 'डबा' म्हणत. एक डबा वर ऑफिसात, बाकीचे पाच खाली बोगद्यात, ठरावीक अंतरावर. त्यांच्या जोरावर खालची माणसं वायरलेस फोनवरून वर बोलू शकणार होती. फोनही सहाच होते, एक ते सहा नंबरचे.

अडचण एकच होती. तेव्हाच्या कायद्यानं बाईला खाणीत उतरता येत नसे.

म्हणजे जाळं तिचं, नकाशा तिचा, आणि ती मात्र वर टाइम ऑफिसात लॅपटॉपसमोर बसलेली. खाली तिचे हात म्हणून गेले होते चैतराम काका, खाणीचे जुने इलेक्ट्रिशियन. मॅनेजर घनश्याम साहेब दर अर्ध्या तासानं दारात येऊन म्हणायचे, "बेटा, हो जाएगा ना?" त्या 'बेटा'नं तिचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं.

पाच डबे बसले. सहावा तिसऱ्या लेव्हलच्या पश्चिम टोकाला बसवायचा होता. तिथे बोगदा संपत होता, पुढे एक पक्की भिंत होती. नकाशावर भिंतीमागे लिहिलं होतं, 'बंद. भरलेले.'

देवश्रीनं फोनवर सांगितलं, डबा भिंतीला लावा.

चैतराम काका तिथेच थांबले. मग म्हणाले, "मॅडम, मी इथंच लावतो. भिंतीपासून वीस पावलं दूर. मले तिकडं नका पाठवू."

का, हे त्यांनी सांगितलं नाही. वेळ जात होता. तिनं हो म्हटलं.

सहावा डबा सुरू झाला.

कोणत्या डब्याला कोण जोडलेलं आहे, ते तिच्या स्क्रीनवर ओळीनं दिसत असे. सहाव्या डब्याखाली चैतराम काकांचा दोन नंबरचा फोन दिसायला हवा होता. तो दिसला.

आणि त्याच्या खाली...

आणखी एक ओळ दिसली.

तिला नंबर नव्हता. नाव नव्हतं. नुसती सिग्नलची पट्टी.

तिला वाटलं, कोणाचा तरी मोबाइल असेल. तिनं विचारलं, काका, तुमच्याबरोबर आणखी कोण आहे? कोणीच नव्हतं. मग ती पट्टी वाढू लागली. कमी झाली. पुन्हा वाढली. कोणी हातात फोन घेऊन येरझारा घालत असेल, तर पट्टी अशी खालीवर होते.

"काका, तुम्ही चालताय का?"

"नाही मॅडम. मी उभाच हावो."

देवश्रीनं हिशेब लावला. मागे सरळ बोगदा होता, तिथे कोणी असतं तर काकांच्या दिव्यात दिसलंच असतं. उरली एकच बाजू.

भिंतीची.

तिनं घनश्याम साहेबांना बोलावून विचारलं, त्या भिंतीमागे काय आहे? साहेब म्हणाले, काही नाही, दगडमाती ठासून भरली आहे. तिनं समजावून सांगितलं की ठासून भरलेल्या दगडातून हा सिग्नल पार होत नाही. आत पोकळी आहे. आणि त्या पोकळीत काहीतरी हलतं आहे.

साहेबांचा चेहरा बदलला. "मॅडम, आप अपना काम करो," ते म्हणाले. 'बेटा' गेलं होतं.

ते वळले, तेवढ्यात तिच्या हातातला एक नंबरचा फोन वाजला. तिला वाटलं, काका असतील. तिनं पडद्यावर पाहिलं...

सहा.

सहा नंबरचा फोन तिच्या समोर, टेबलावर होता. त्याचा पडदा काळा ठिक्कर. त्याची बॅटरी अजून खोक्यातून काढलेलीही नव्हती.

तिनं फोन उचलला.

बोलणं नव्हतं. श्वासही नव्हता.

टक... टक... टक...

आणि मग लोखंड दगडावरून घासत नेल्याचा लांब आवाज.

थोडी शांतता. पुन्हा तीन ठोके. पुन्हा ते घासणं.

तिनं स्पीकर लावला. साहेब दारात थिजून उभे राहिले. अर्ध्या तासानं चैतराम काका वर आले तेव्हाही फोन चालूच होता. काकांनी तो आवाज ऐकला आणि ते हेल्मेटसकट खाली फरशीवर बसले.

"फकिरा आहे," ते म्हणाले.

मग साहेबांसमोरच त्यांनी सगळं सांगितलं. नऊ वर्षं पोटात ठेवलेलं होतं, ते थांबलं नाही.

फकिरा खाणीत छताला लाकडाचे टेकू लावायचा. टेकू लावण्याआधी छत ठोकून बघावं लागतं. लोखंडी पहारेनं, तिकडे तिला सब्बल म्हणतात. त्याची पद्धत ठरलेली होती. तीन ठोके, आणि मग सब्बल दगडावरून ओढून आवाज ऐकायचा. मार्च १९९९ मध्ये पश्चिमेच्या बोगद्याचं छत कोसळलं. फकिरा पलीकडे होता. तेव्हा घनश्याम साहेब शिफ्टचे साहेब होते. आत माणूस आहे असं कळवलं असतं तर चौकशी बसली असती आणि खाण बंद पडली असती. साहेबांनी दोन दिवसांत भिंत घालून घेतली. माणूस खाली गेला की त्याचा पितळी बिल्ला फळ्यावरून निघतो, वर आला की परत लागतो. फकिराचा बिल्ला फळ्यावर परत लावला गेला. म्हणजे कागदावर तो सुखरूप बाहेर आला, आणि मग कुठंतरी निघून गेला.

"बिल्ला मीच लटकवला, मॅडम. साहेबानं सांगितलं, अन् मी लटकवला."

देवश्रीनं विचारलं, तो दगडाखाली चिरडला गेला होता ना? लगेच गेला असेल ना?

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"भिंत बांधत होतो तवा आतून आवाज येत होता. हाच."

देवश्री म्हणते, त्या क्षणी भीती नावाची गोष्ट तिच्या अंगातून निघून गेली. कानशिलं तापली. तिनं एकच विचारलं, फकिराच्या घरचं कोण आहे?

बाहेर होती. टाइम ऑफिसच्या खिडकीतून दिसत होती. उघड्या अंगणात बायका रांगेनं बसून हातोडीनं मँगनीज फोडत होत्या, चांगला दगड वेगळा काढत होत्या. त्यातली तिसरी, सत्यभामा. फकिराची बायको. नऊ वर्षं तिला लोक सांगत होते, तुझा नवरा दुसरी बाई घेऊन पळाला. ती त्याच खाणीच्या तोंडाशी रोज दगड फोडत होती आणि तो तिच्या पायाखाली, तिसऱ्या लेव्हलला होता.

साहेबांनी दार अडवलं. तिला आत आणायचं नाही, म्हणाले. देवश्रीनं त्यांना हातानं बाजूला केलं. उभ्या जन्मात तिनं कोणाला ढकललं नव्हतं.

सत्यभामा आली. हात काळे, कपाळावर कुंकू. तिला कोणी काही सांगितलं नाही. देवश्रीनं फक्त फोन पुढे केला.

टक... टक... टक...

तिनं तीन वेळा ऐकलं. रडली नाही. फोन दोन्ही हातांत धरून, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "मंजूचे बाबा, तुमीच हा का?"

आवाज थांबला.

"लोकं म्हणत, तुमी गेले मले टाकून. मी नाही मानलं. मंजू मानत होती. तिले आता सांगतो मी."

पलीकडे शांतता. फोन बंद झालेला नव्हता. कोणीतरी कान देऊन ऐकत असावं, अशी ती शांतता होती. सत्यभामा बराच वेळ तशीच उभी होती. मग तिनं मान डोलवली, जणू पलीकडून काही सांगितलं गेलं. तिनं फोन कानापासून काढला आणि घनश्याम साहेबांसमोर धरला.

"घ्या. तुमच्याशी बोलाचं आहे त्याइले."

साहेबांनी फोन का घेतला, देवश्रीला आजही कळलेलं नाही. पण घेतला. कानाला लावला.

ते काय ऐकत होते, स्पीकर चालू असूनही बाकी कोणाला ऐकू आलं नाही. त्यांचे ओठ पांढरे पडत गेले. मग ते धावत ऑफिसच्या भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. डब्याचे हिरवे दिवे गेले. खालचे डबेही त्याच स्विचवर होते. जाळंच उरलं नाही. आता कोणताही फोन कुठल्याही फोनला लागणं शक्य नव्हतं.

साहेबांच्या हातातल्या फोनमधून...

टक... टक... टक...

त्यांनी तो फरशीवर आपटला. बॅटरी निघून पलीकडे गेली.

घासण्याचा लांब आवाज मात्र पुरा झाला, मगच थांबला.

सत्यभामा बाहेर गेली. तिनं बायकांना काय सांगितलं कोण जाणे, पण पाच मिनिटांत बावीस बायका हातोड्या घेऊन खाणीच्या तोंडाशी बसल्या. भिंत फोडल्याशिवाय माणसांना नेणारा-आणणारा पाळणा खालीवर होऊ देणार नाही म्हणाल्या. पोलीस आले, समजूत घालून गेले. बायका हलल्या नाहीत. त्यांना घरून भाकरी येत होत्या. चैतराम काकाही त्यांच्यात जाऊन बसले. त्यांना कोणी जवळ बसवलं नाही, कोणी हाकललंही नाही.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मुख्य ऑफिसातून वरचे साहेब आले आणि भिंत फोडायचं ठरलं. खालच्या माणसांशी बोलता यावं म्हणून देवश्रीला जाळं पुन्हा सुरू करायला सांगितलं. ती लॅपटॉपसमोर बसली. तिच्या मागच्या खुर्चीत घनश्याम साहेब होते. त्यांना जागेवरून उठायची परवानगी नव्हती.

दुपारी दीड वाजता भिंतीला भोक पडलं. काकांनी फोनवर सांगितलं, आत पोकळी आहे. टेकू उभेच आहेत. एक सब्बल पडली आहे, एक दिवा आहे.

"अन् फकिरा?" वरच्या साहेबांनी विचारलं.

काकांनी दिवा फिरवून पुन्हा पाहिलं.

आत कोणी नव्हतं. हाड नाही, कपडा नाही, चप्पल नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला मात्र खळगे होते, सब्बलच्या टोकाचे. शेकड्यांनी. काही छातीच्या उंचीवर. त्याहून जास्त कमरेच्या उंचीवर. मग गुडघ्याच्या. आणि सगळ्यात शेवटचे, अगदी बारीक, जमिनीलगत.

देवश्री हे ऐकत होती, आणि तिचे डोळे स्क्रीनवर होते. सहाव्या डब्याखाली ती बिननावाची ओळ होती. तिच्या देखत ती तिथून गेली...

आणि पाचव्या डब्याखाली आली.

माणूस चालत जितका वेळ घेईल, तितक्या वेळानं चौथ्या.

मग तिसऱ्या. दुसऱ्या.

पाळणा वर आला नव्हता. भिंत फोडणारी माणसं खाली सोडून बायकांनी तो पुन्हा अडवून ठेवला होता.

मग एक नंबरच्या डब्याखाली ओळ आली. एक नंबरचा डबा तिच्या डोक्यावर, त्याच खोलीच्या भिंतीवर होता. पट्टी पूर्ण भरली. इतका भरलेला सिग्नल डब्याच्या हातभर अंतरावरच मिळतो.

देवश्रीनं मागे पाहिलं नाही. तिला खुर्ची करकरल्याचा आवाज आला. घनश्याम साहेब अगदी बारीक आवाजात कोणाला तरी म्हणत होते, "नहीं... नहीं..."

मग ती ओळ स्क्रीनवरून गेली.

चौकशी झाली. अहवाल आला. आत कोणी सापडलं नाही, म्हणून आत कोणी मेलं नाही, असा त्याचा अर्थ होता. बिल्ला फळ्यावर होता, म्हणजे माणूस बाहेर आला होता. खळगे जुन्या कामाचे. चैतराम काकांनी जबाब दिला, तर वयामुळे भ्रम झाला असं लिहिलं गेलं. देवश्रीनं त्या ओळीची छापील नोंद जोडली होती, ती यंत्राची चूक ठरली. हे सांगताना माझ्या बहिणीनं हातातला कप इतक्या जोरानं ठेवला की त्याचा कान तुटला.

सत्यभामा मुलीला घेऊन कटंगीला गेली. तिनं कुंकू पुसलं नाही. देवश्री तिला भेटायला गेली होती, तेव्हा ती म्हणाली, "भिंतीच्या मांगून निघाले ना ते? मंग कायले पुसू?"

घनश्याम साहेबांना काही झालं नाही. त्यांची दुसऱ्या खाणीत बदली झाली, एवढंच.

त्यानंतर दीड वर्षानं, भर दुपारी, देवश्री बालाघाट स्टेशनवर गाडीची वाट बघत होती. बाकावर एक माणूस येऊन बसला. केस पूर्ण पांढरे, अंगावरचा सदरा दोन मापं मोठा. तिनं ओळखलं नाही. त्यानं ओळखलं. इकडे तिकडे बघून तो तिच्याकडे वाकला आणि अगदी हळू, कोणी ऐकेल अशा भीतीनं, त्यानं विचारलं:

"मॅडम, वो मेरे पास से हटता नहीं. उसे बंद कैसे करते हैं?"

देवश्री म्हणते, तिला खरंच माहीत नव्हतं. पण तिनं त्याला तेवढंही सांगितलं नाही. गाडी आली, ती उठून चढली. खिडकीतून पाहिलं तर तो बाकाच्या एका कडेला अंग चोरून बसला होता. बाकीचा बाक रिकामाच होता.

तरी येणारी माणसं त्या रिकाम्या जागेवर बसत नव्हती. जवळ येत होती, थबकत होती, आणि दुसरीकडे जाऊन उभी राहत होती.