दूध सोसायटीतली जोडी

मी उशिरा पोचले म्हणून, नाहीतर गहिनीनाथ मला कुठला भेटतोय! दुष्काळात जनावरं विकली गेली, दूध आटलं, त्यामुळं दूध सोसायटीचा हॉल ओसच पडला होता. तिथं आम्हा आशाताईंचं आणि आरोग्यसेवकांचं शिबिर भरलं. माणसाला बोलतं कसं करायचं, ते मॅडम शिकवत होत्या. विचारायचं, मग गप बसायचं. सल्ला द्यायचा नाही. सरावाला जोड्या लागल्या. तेलगावकडचा आरोग्यसेवक, हा गहिनीनाथ, तेवढा उरला... आणि मी.

आधी तो पेशंट झाला.

"काय होतंय?" मी विचारलं.

"झोप लागत न्हाई. घरात एकटाच असतो."

"मग लगीन करा की!"

अख्खा हॉल हसला. मॅडमनी कपाळावर हात मारला.

"सल्ला लई भारी हाय," तो हळूच म्हणाला. "आता पोरगी बी बघा."

"मी काय सोयरीक जुळवणारी हाय का?" म्हणाले खरी, पण कान तापले.

मग मी पेशंट. डोकं दुखतंय, एवढंच म्हणायचं होतं.

"घरी कसं चाललंय?" त्यानं विचारलं आणि गप बसला. मेला बघतच राहिला...

नवरा गेल्यापासून मी भावाकडं. दिवाळी झाली की भाऊ-भावजय ऊसतोडीला जातात, गाव रिकामं होतं. दारोदार कुलपं. बोलावं कुणाशी? गावाची खुशाली मी विचारायची. माझी कुणीच विचारत नव्हतं. लई एकटं वाटायचं.

"भाऊ माझा पाट लावतोय," मी बोलून गेले. "सटवा म्हणून बिजवर हाय. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम जोडीच नेतो. त्याची बायको वारली, अर्धा कोयता राहिला... म्हणून मी. रविवारी सुपारी फुटायची."

"तुमाला काय वाटतं?"

"मला कुणी इचारलंच न्हाई."

"मी इचारतोय की."

डोळ्याला पदर लागला. शेजारची चतुराबाई म्हणाली, "अगं बया वच्छला, काय सोंग वठवलंय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो तेवढा वाजवत नव्हता.

संध्याकाळी मांजरसुंब्याच्या गाडीची वाट बघत थांबले, तर तो शेजारी येऊन उभा.

"ते खरं होतं न्हवं?"

"व्हय. आन् तुमचं एकटं असणं?"

"खरंच. टँकरच्या गावाला पोरगी कोण देतंय?"

"मी टँकरच्याच गावची हाय," मी म्हणाले. नंतर जीभ चावली.

तो हसला, मग गप बसला. लईच गप. मला राग आला.

"शिबिर संपलं की! आता तरी बोला काहीतरी!"

"तुमी म्हणाल तर... रविवारच्या आधी तुमच्या भावाकडं येतो. उद्याच. मला तुमी आवडता."

"या," मी म्हणाले. एवढंच सुचलं. गाडी आली, तशी चढले.

घरी राधाकिशनदादा कोयत्याला धार लावत होता. उद्या पाहुणा येणार, ते एका दमात सांगून टाकलं. भावजयीचा हात भाकरीवरच थांबला.

"येडी का काय तू?" दादा उसळला. "सटवाला शब्द दिलाय मी! आता काय सांगू त्याला?"

"सांग," मी म्हणाले, "वच्छलाला इचारलं, ती न्हाई म्हणली."