पाच पायांची मांजर

"ही... मांजर आहे?"

तक्रारखिडकीच्या काचेपलीकडून कुणीतरी कागद दाखवत विचारलं. आत बसलेल्या तिने मान वर न करताच ठणकावलं, "मग काय म्हैस दिसतेय?"

"पाय पाच आहेत, म्हणून विचारलं हो."

"पाचवा पाय नाही, शेपटी आहे ती!"

आता मात्र तिने वर पाहिलं. कानावर पेन्सिल, डोळ्यांत हसू... नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर बसून नकाशे काढणारा तो!

सकाळी खिडकीपुढच्या रांगेत एका आईच्या कडेवरचं बाळ रडून लालबुंद झालं होतं. त्याला रमवायला हिने पाण्याच्या तक्रारफॉर्ममागे मांजर खरडली — कोरड्या नळाखाली आ वासून बसलेली. खाली लिहिलं, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' बाळ खुदकन हसलं, आईने फोटो काढला, आणि फॉर्म गठ्ठ्यातून थेट वर पोचला.

"साहेबांच्या हाती लागायच्या आत आणलाय," तो हळूच म्हणाला.

पण फोटो केव्हाच गावभर झाला होता. मांजर इतकी वेडीवाकडी, की कुणालाही काढता यावी. आठवड्याभरात ती भिंतींवर चढली, मोर्चाच्या फलकांवर बसली. नगराध्यक्ष दिसले की पोरंसोरं "म्याऊ" करू लागली.

तो रोज काही ना काही निमित्ताने जिना उतरायचा.

"आज स्वारी पुलावर मुक्कामाला आहे."

"हळू बोला... भिंतींना कान असतात."

"आता तर मिशाही फुटल्यात!"

ती हसायची, आणि मग चटकन आजूबाजूला पाहायची. नोकरी अजून पक्की नव्हती; घरी आई नि शिकणारी धाकटी बहीण.

सोमवारी नगराध्यक्षांचा हुकूम आलाच. फोटोत फॉर्म ऑफिसचा, म्हणजे चोर घरातला. गुरुवारी प्रत्येकाने साहेबांसमोर मांजर काढून दाखवायची!

तिला दुसरी मांजर येतच नव्हती. गुरुवारी तिने काढली ती तीच, पाच पायांची. संपलं सगळं...

साहेबांनी कागद उलटायला सुरुवात केली. पहिली मांजर, पाच पाय. दुसरी, पाच पाय. टायपिस्टबाईंची, शिपाईकाकांची... सगळ्या एकाच आईच्या! शेवटी नकाशेवाल्याची. ज्याची रेघ केसभर हलत नाही, त्याचीही तशीच फेंगडी.

"तुम्हीसुद्धा?"

"मांजरीला पाय किती, ते हुकुमात नव्हतं, साहेब."

साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला. नगराध्यक्षांकडे अहवाल गेला — 'तपास चालू आहे.'

जिन्यात तिने त्याला गाठलं. "सगळ्यांना तुम्ही पढवलंत?"

"फार सांगावं नाही लागलं. नळ सगळ्यांचेच कोरडे आहेत."

"आणि तुमची मांजर इतकी हुबेहूब कशी?"

"तीन दिवस घोटत होतो. हात मेला सरळच जायचा. मग... तुम्ही समोर बसलाय असं मनात आणलं, तसा आपोआप थरथरला."

ती कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिली.

"मी रविवारी घरी येऊ? तुमच्या आईंना विचारायला..." तो अडखळला. "आधी तुम्ही त्यांच्या कानावर घालाल?"

"कालच घातलंय."

"काल? काल तर तुमची नोकरी टांगणीला होती!"

"म्हणूनच तर," ती लाजत, पण त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली. "म्हटलं, नोकरी जायची तर जाऊ दे... माणूस हातचा जायला नको."