ताईच्या मांडीवरचा बोका

हे खरं घडलंय. मी त्याच खोलीत होते.

रात्रही नव्हती. भर दुपार. ताईची शिवणकामाची खोली. मशीन, इस्त्रीचं टेबल, एक खिडकी.

आणि बोका.

नाही, चुकलं. बोका तेव्हा नव्हता. तेच तर सांगायचंय.

ताई कपडे शिवायला बसली की बोका तिच्या मांडीवर. मशीनच्या खडखडाटातही घुरघुरत झोपायचा. भावोजींच्या डोळ्यांत तो सलायचा.

"मला कधी असं कुरवाळलंस?" ते विचारायचे. हसत.

मग एकदा बोका दिसेना.

"बोकाच तो. गेला असेल उंडारायला," भावोजी म्हणाले.

तो चिंध्यांच्या पोत्यात सापडला. तळाशी. गळ्याभोवती ताईचाच माप घ्यायचा टेप...

घट्ट.

"ताई, माझ्याकडे चल. आज बोका, उद्या तू."

"काहीतरीच! माझ्यावर कधी हात उगारलाय त्यांनी?"

"अजून नाही."

ती आली नाही. मग मीच तिच्याकडे राहिले.

ती दुपार. मी बटणं लावत होते. ताईने मशीन थांबवलं.

घुरघुर थांबली नाही...

ताईच्या मांडीवर पांढरं कापड होतं. मधोमध दबलेलं. हळूहळू वर-खाली होणारं... ताईचा हात त्यावरून फिरत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"कुणाला कुरवाळतेयस?"

दारात भावोजी.

त्यांनी टेबलावरचा टेप उचलला. मला वाटलं, घडी घालतायत. त्यांनी दोन्ही टोकं मुठींना गुंडाळली.

मी उठेपर्यंत टेप ताईच्या गळ्यावर होता.

कापड सपाट झालं...

आणि भावोजी किंचाळले. मनगटांवर रक्त. समोर कुणीच नाही, तरी ते हात झाडत भिंतीला टेकले. मी ताईला ओढलं. दोघी अनवाणीच धावलो.

ताई आता माझ्याकडे राहते. शिवते. जेवते. गुणगुणते.

परवा माझी लेक "मावशी!" म्हणत तिच्या मांडीवर चढायला गेली. ताईने तिला झटकन खाली ठेवलं.

"नको गं राणी. लांबच बस."

"का गं ताई?" मी विचारलं.

"बोक्याला खपत नाही."

तेव्हापासून लेकीला तिच्याजवळ एकटं सोडत नाही मी. ताईच्या ते लक्षात आलंय.

ती नुसती रिकाम्या मांडीकडे बघून हसते... लाडाने.